चीनशी व्यापार : अमेरिका आणि युरोप वेगळ्या वाटांनी का गेले?

विचारलेला प्रश्न असा आहे : चीनमध्ये तयार झालेल्या इलेक्ट्रिक मोटारींवर अमेरिकेने 2024 मध्ये सरसकट 100 टक्के जादा शुल्क लावले, त्याच वर्षी युरोपीय संघाने मात्र कंपनीगणिक वेगळे, 7.8 पासून 35.3 टक्क्यांपर्यंतचे शुल्क ठरवले. चिनी सरकारच्या अनुदानांमुळे तिथला माल अवाजवी स्वस्त पडतो ही दोघांची तक्रार एकच असताना उपाय इतके निराळे का, आणि युरोप चीनला बिचकतो असे जे म्हटले जाते त्यात तथ्य किती? भारतीय निर्यातदारांच्या वतीने वॉशिंग्टन आणि युरोपीय संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्स येथील अँटी-डम्पिंग (म्हणजे घरच्या भावाहून स्वस्तात परदेशी माल विकण्याविरुद्धच्या) आणि अनुदानविरोधी चौकशांमध्ये काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगतो. अमेरिका चीनकडे प्रतिस्पर्धी सत्ता म्हणून पाहते, त्यामुळे तिचा निर्णय देशाविरुद्ध होतो, झटपट होतो आणि तितक्याच झटपट बदलतोही. युरोप एकेका मालाची, एकेका कंपनीची आणि एकेका अनुदानाची चौकशी करतो, त्यामुळे त्याचा निर्णय उशिरा येतो, आकाराने लहान दिसतो, पण एकदा आला की बराच काळ टिकतो. या फरकाचे मूळ धैर्यात किंवा भित्रेपणात शोधले तर हाती काही लागत नाही. निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, चीनमुळे कोणाचा रोजगार गेला आणि कोणाचा वाढला, आणि ज्याचा गेला त्याला सावरले कोणी, या तीन गोष्टींत ते सापडते.

मोटारींचे उदाहरण पूर्ण पाहू. अमेरिकेत चिनी मोटारींवर 1974 च्या व्यापार कायद्याच्या कलम 301 खाली 2018 पासून 25 टक्के जादा शुल्क होतेच. मे 2024 मध्ये बायडेन प्रशासनाने त्या शुल्कांचा चार वर्षांनी करावयाचा आढावा पूर्ण करून इलेक्ट्रिक मोटारींसाठी ते 100 टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले आणि 27 सप्टेंबर 2024 पासून ते लागू झाले. त्या वेळी अमेरिकेत चिनी बनावटीच्या इलेक्ट्रिक मोटारी फारच थोड्या येत होत्या. म्हणजे हे शुल्क आलेल्या मालापेक्षा येऊ शकणाऱ्या मालाविरुद्ध होते, आणि म्हणूनच बीवायडी ही चिनी मोटार कंपनी किती अनुदान घेते आणि जीली किती, हे मोजत बसण्याची गरज वॉशिंग्टनला वाटली नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने इंटरनेटशी जोडलेल्या मोटारींतील चिनी सॉफ्टवेअरवर 2027 च्या मॉडेलवर्षापासून बंदी घालणारा नियमही केला. तिथे तर शुल्काचाही प्रश्न उरला नाही, दारच बंद झाले.

युरोपात परिस्थिती उलट होती, कारण तिथे चिनी मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर आल्या होत्या. युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांनी 13 सप्टेंबर 2023 रोजी स्ट्रासबर्ग येथे केलेल्या वार्षिक भाषणात अनुदानविरोधी चौकशी जाहीर केली. एरवी अशी चौकशी स्थानिक उद्योगाच्या तक्रारीवरून सुरू होते. इथे कोणत्याही युरोपीय मोटार कंपनीने तक्रार केलेली नव्हती आणि आयोगाने ती स्वतःहून हाती घेतली, जे क्वचित घडते. कंपन्या गप्प का राहिल्या हे समजणे कठीण नाही. फोक्सवॅगन 1984 पासून शांघायमध्ये भागीदारीत मोटारी बनवते आहे. बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक मिनी आणि रेनो समूहाची डाचिया स्प्रिंग या गाड्या चीनमध्ये तयार होऊन युरोपात येत होत्या. चिनी मालावरचे शुल्क म्हणजे यांच्यापैकी काहींच्या स्वतःच्या मालावरचे शुल्क होते.

चौकशी वर्षभराहून अधिक चालली. आयोगाचे अधिकारी चिनी कारखान्यांत जाऊन हिशेब तपासून आले. सरकारी बँकांची बाजारदराहून स्वस्त कर्जे, कमी भावात मिळालेली जमीन, करसवलती, बॅटऱ्यांचा स्वस्त पुरवठा या प्रत्येक बाबीचा आकडा काढला गेला. त्यातून बीवायडीला 17 टक्के, जीलीला 18.8 टक्के, सहकार्य करणाऱ्या इतर कंपन्यांना 20.7 टक्के, पुरेसे सहकार्य न केलेल्या एसएआयसीला 35.3 टक्के आणि शांघायमध्ये मोटारी बनवणाऱ्या टेस्लाला 7.8 टक्के असे दर निघाले, आणि 30 ऑक्टोबर 2024 पासून ते नेहमीच्या 10 टक्क्यांवर जादा म्हणून लागू झाले. आपल्याला विचित्र वाटणाऱ्या या दशांश अपूर्णांकांमागे हजारो पानांचा कागद आहे. तो कागद युरोपीय न्यायालयात टिकला पाहिजे, ही जाणीव प्रत्येक आकड्याला असते.

मतदानाची गोष्ट याहून बोलकी आहे. 4 ऑक्टोबर 2024 रोजी 27 सदस्य देशांपैकी 10 जणांनी बाजूने, 5 जणांनी विरोधात मत दिले आणि 12 तटस्थ राहिले. फ्रान्स आणि इटली बाजूने होते. जर्मनी आणि हंगेरी विरोधात होते. आयोगाचा प्रस्ताव रोखायचा असेल तर पात्र बहुमत विरोधात जावे लागते, म्हणजे निदान 55 टक्के देश आणि त्यांत संघाची 65 टक्के लोकसंख्या. ते गेले नाही आणि शुल्क लागू झाले. युरोपातील सर्वांत मोठ्या औद्योगिक देशाचा उघड विरोध असताना हे शुल्क लागले. युरोपला भित्रा म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका बाबीचा तरी विचार करावा.

चीनला ही रचना नीट माहीत आहे, आणि त्याचे प्रत्युत्तर नेहमी देशागणिक असते. 2024 मध्ये त्याने युरोपीय ब्रँडीची चौकशी सुरू केली, जिचा फटका फ्रान्सला बसणार होता. मग डुकराच्या मांसाची, ज्याचा फटका स्पेनला. मग दुग्धजन्य पदार्थांची. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ सप्टेंबर 2024 मध्ये चीनमध्ये असताना युरोपने या शुल्काचा फेरविचार करावा असे म्हणाले आणि महिन्याभरात झालेल्या मतदानात स्पेन तटस्थ राहिला. अमेरिकेवरही असा दबाव येतो. 2018 मध्ये चीनने सोयाबीनवर शुल्क लावून आयोवा आणि इलिनॉयच्या शेतकऱ्यांना घेरले होते. पण तिथे संघराज्याच्या तिजोरीतून 2018 आणि 2019 या दोन वर्षांसाठी 28 अब्ज डॉलरपर्यंतची मदत शेतकऱ्यांना जाहीर करता आली. ब्रुसेल्सकडे अशी तिजोरी नाही. प्रत्येक देशाला आपला घाव आपणच सोसावा लागतो आणि म्हणून प्रत्येक देशाचे मत वेगळे पडते.

आता अधिकाराचा मुद्दा. अमेरिकी राज्यघटनेने आयातशुल्क ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, पण 1934 पासून काँग्रेस तो टप्प्याटप्प्याने अध्यक्षांकडे सोपवत आली. 1962 च्या कायद्याचे कलम 232 राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने, 1974 च्या कायद्याचे कलम 301 परदेशी सरकारच्या अन्याय्य वर्तनाच्या नावाने अध्यक्षांना शुल्क लावू देते. 2025 मध्ये तर 1977 च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याचा आधार घेतला गेला. एका व्यक्तीच्या हाती असा अधिकार असल्यामुळेच एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावरील नवे शुल्क काही दिवसांत 145 टक्क्यांवर जाऊ शकले आणि 12 मे रोजी जिनिव्हाच्या वाटाघाटींनंतर 30 टक्क्यांवर उतरू शकले. युरोपीय संघात व्यापार धोरण हा संघाचा स्वतंत्र अधिकार असला, तरी त्याचा वापर आयोग, सदस्य देश, संसद आणि न्यायालय यांच्या साखळीतूनच होतो. शिवाय संरक्षण आणि परराष्ट्र धोरण बहुतांशी सदस्य देशांकडे राहिले आहे. सुरक्षेच्या नावाने चीनविरुद्ध एका रात्रीत शुल्क लावावे असे युरोपात कोणाच्या मनात आले, तरी ती कळ कोणाच्याच टेबलावर नाही.

पण कायदा हे निम्मेच कारण आहे. उरलेले निम्मे 2000 ते 2010 या दशकात आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते.

ऑक्टोबर 2000 मध्ये क्लिंटन यांनी चीनला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी दर्जा (म्हणजे इतर बहुतेक देशांइतकेच कमी शुल्क) देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि 11 डिसेंबर 2001 रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्याआधी अमेरिकी काँग्रेस हा दर्जा दरवर्षी नव्याने तपासत असे. ती टांगती तलवार दूर होताच कंपन्यांनी निर्धास्तपणे कारखाने चीनला हलवले. 2000 मध्ये अमेरिकेत कारखानदारीत सुमारे 1 कोटी 70 लाख नोकऱ्या होत्या. 2010 मध्ये त्या सुमारे 1 कोटी 15 लाख उरल्या. सगळी घट चीनमुळे झाली नाही. स्वयंचलित यंत्रे आणि 2008 ची मंदी यांचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून असे दिसले, की 1999 ते 2011 या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्यांची संख्या 20 लाखांच्या घरात किंवा थोडी वरच असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा तोटा देशभर सारखा पसरला नव्हता. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातील फर्निचर आणि कापडाची गावे, टेनेसीचे काही भाग, अशा ठरावीक जागी तो साचला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे तिथला कामगार दुसऱ्या गावी जाऊन दुसरे काम शोधणार होता. प्रत्यक्षात बहुतेक जण तिथेच राहिले आणि पुष्कळ जण रोजगाराच्या बाहेरच गेले.

त्याच काळात जर्मनीत काय घडले? तिथेही खेळणी, कापड, साधी विद्युत उपकरणे बनवणाऱ्या भागांना मार बसला. पण चीनमध्ये जे कारखाने उभे राहत होते त्यांना यंत्रे हवी होती आणि ती यंत्रे बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियातून जात होती. श्रीमंत होणाऱ्या चिनी ग्राहकाला मोटारी हव्या होत्या आणि त्या वोल्फ्सबुर्ग, म्युनिक आणि श्टुटगार्टच्या कंपन्या देत होत्या. वोल्फगांग डाउट, सेबास्टियन फिंडआयझन आणि येन्स झ्युडेकुम यांच्या अभ्यासाने दाखवले, की पूर्व युरोप आणि चीन यांच्याशी वाढलेल्या व्यापाराचा एकत्र विचार केला तर जर्मनीत गेलेल्या नोकऱ्यांपेक्षा टिकलेल्या आणि वाढलेल्या नोकऱ्या अधिक होत्या. जर्मनीची निर्यात तिच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 40 टक्क्यांच्या वर आहे, अमेरिकेची 11 टक्क्यांच्या आसपास. एकाला चीन म्हणजे बंद पडलेला कारखाना आठवतो, दुसऱ्याला चीन म्हणजे भरलेले ऑर्डरबुक. अँगेला मेर्केल आपल्या कारकिर्दीत उद्योगपतींचे शिष्टमंडळ घेऊन पुन्हा पुन्हा बीजिंगला का गेल्या, याचे उत्तर यात आहे.

ज्याचे काम गेले त्याला सावरण्याच्या व्यवस्थाही निराळ्या होत्या. आयातीमुळे बेकार झालेल्या कामगारांसाठी अमेरिकेत 1962 पासून एक साहाय्य कार्यक्रम होता. तो नेहमीच तुटपुंजा राहिला आणि 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जदारांसाठी बंदच पडला, कारण काँग्रेसने मुदतवाढ दिली नाही. युरोपीय संघाचा जागतिकीकरण समायोजन निधीही लहानच आहे, पण तिथे खरा आधार राष्ट्रीय पातळीवर मिळतो : बेरोजगार भत्ता, नोकरीशी न जोडलेला आरोग्यविमा, पुनर्प्रशिक्षण, आणि जर्मनीसारख्या देशात कामाचे तास कमी करून माणूस कामावर ठेवण्याची पद्धत, जिच्याखाली 2009 च्या मंदीत एका टप्प्यावर जवळपास 15 लाख कामगार होते. अमेरिकेत नोकरी गेली की बहुतेकदा आरोग्यविमाही जातो. अशा समाजात शुल्काची मागणी तीव्र होणारच, आणि ती दोन्ही पक्षांना मान्य होणारच. ट्रम्प यांनी 2018-19 मध्ये लावलेली कलम 301 ची शुल्के बायडेन यांनी काढली नाहीत, उलट काही वाढवली, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. ज्यांनी त्या गावांचे मतदान पाहिले होते त्यांना ते वाटले नाही.

आता माझ्या रोजच्या कामातला भाग, ज्याची चर्चा वर्तमानपत्रांत होत नाही. पण दोन्हीकडचा स्वभाव तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेत डम्पिंग किती झाले ते वाणिज्य खाते ठरवते आणि स्थानिक उद्योगाला इजा झाली का ते आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ठरवतो. युरोपात दोन्ही कामे युरोपीय आयोगाचे व्यापार महासंचालनालय करते. अमेरिकेत माल उतरवताना आयातदार जे भरतो ती केवळ ठेव असते. अंतिम दर नंतरच्या वार्षिक आढाव्यात ठरतो आणि तो जास्त निघाला तर फरक व्याजासह भरावा लागतो. दीड-दोन वर्षांपूर्वी विकून संपलेल्या मालावर आज पुन्हा किती देणे निघेल हे कोणत्याही आयातदाराला सांगता येत नाही, आणि माझ्या अनुभवात दरापेक्षा या अनिश्चिततेमुळेच अमेरिकी खरेदीदार अधिक ऑर्डर फिरवतात. युरोपात दर पुढील काळासाठी, साधारणपणे पाच वर्षांसाठी ठरतो आणि भरले ते भरले. अँटी-डम्पिंगमध्ये युरोप सामान्यतः कमी शुल्काचा नियम पाळतो, म्हणजे डम्पिंग 40 टक्के असले आणि इजा दूर करायला 25 टक्के पुरत असतील तर 25 टक्केच लावतो. अमेरिका तो पाळत नाही. युरोपात शुल्क लावण्याआधी ते संघाच्या हिताचे आहे का, म्हणजे तो माल वापरणाऱ्या कारखान्यांचे आणि ग्राहकांचे काय होईल, हेही तपासावे लागते. अमेरिकेच्या या कायद्यात ग्राहकाला अशी जागाच नाही.

चीनला बाजारपेठेवर चालणारी अर्थव्यवस्था मानायला मात्र दोघेही तयार नाहीत. अमेरिकी पद्धतीत चिनी कारखान्याकडून किती पोलाद, किती वीज, किती तास मजुरी लागली हे घेतात, पण त्याला भाव तिसऱ्या देशाचा लावतात. अनेक वर्षे, अनेक प्रकरणांत, तो तिसरा देश भारत होता. चिनी माल अमेरिकेत स्वस्त आहे की नाही हे भारताच्या आयात आकडेवारीवरून आणि भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदांवरून ठरत होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. युरोपच्या नट-बोल्ट प्रकरणातही चिनी किमतींची तुलना भारतातील उत्पादकाच्या किमतींशी केली गेली. जानेवारी 2009 मध्ये युरोपने चिनी नट-बोल्टवर 85 टक्क्यांपर्यंत शुल्क लावले, चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, 2011 मध्ये जिंकला, युरोपने केलेली दुरुस्तीही अपुरी ठरली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये युरोपने शुल्क मागे घेतले. मग नव्याने चौकशी करून फेब्रुवारी 2022 मध्ये 22.1 ते 86.5 टक्क्यांचे शुल्क पुन्हा लावले. हरल्यावर निकाल मानणे आणि कायद्याच्या चौकटीत नव्याने तेच साध्य करणे, हा युरोपचा पिंड आहे.

जागतिक व्यापार संघटनेत येताना चीनने केलेल्या प्रवेशकराराने ही तिसऱ्या देशाची पद्धत वापरायला दिलेली पंधरा वर्षांची मुदत 11 डिसेंबर 2016 ला संपताच दुसऱ्याच दिवशी चीनने तिच्यावरून अमेरिका आणि युरोप या दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली. अमेरिकेने आपली पद्धत तशीच ठेवली. युरोपने डिसेंबर 2017 मध्ये कायदा बदलला : कोणत्याही देशाचे नाव न घेता, ज्या देशात सरकारी हस्तक्षेपामुळे किमती लक्षणीय विकृत झाल्या असतील तिथे बाहेरचे भाव वापरता येतील अशी तरतूद केली, आणि त्याच महिन्यात पहिला देश-अहवाल चीनवर काढला. चीनने युरोपविरुद्धच्या स्वतःच्याच तक्रारीचे काम 2019 मध्ये थांबवायला सांगितले आणि ती पुढच्या वर्षी निकालाविना संपली.

देशाचे नाव न घेण्याची ही रीत युरोपच्या प्रत्येक नव्या साधनात दिसते. संघात व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना बाहेरच्या सरकारांकडून मिळणारे पैसे तपासणारा परकीय अनुदानांचा नियम जुलै 2023 पासून लागू आहे. त्याखाली चौकशी सुरू होताच सीआरआरसी या चीनच्या सरकारी रेल्वेगाडी कंपनीच्या उपकंपनीने बल्गेरियातील रेल्वेगाड्यांच्या निविदेतून मार्च 2024 मध्ये माघार घेतली. आर्थिक दबावाविरुद्धचे साधन डिसेंबर 2023 पासून आहे, आणि त्यामागे 2021 मध्ये तैवानच्या नावाचे कार्यालय उघडू दिल्यावरून चीनने लिथुआनियाचा माल अडवल्याचा प्रसंग आहे. बळजबरीच्या श्रमाबाबत अमेरिकेने चीनच्या शिनजियांग प्रांताचे नाव कायद्यातच घातले आणि जून 2022 पासून तिथला माल तसाच बनला असे गृहीत धरून सिद्ध करण्याचा भार आयातदारावर टाकला. युरोपचा 2024 चा नियम कोणत्याही देशाचे नाव घेत नाही, सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यांवर ठेवतो आणि डिसेंबर 2027 पासून लागू होणार आहे. मानवी हक्कांच्या दृष्टीने मला इथे अमेरिकेचा मार्ग अधिक परिणामकारक वाटतो आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे.

उशिराची किंमत युरोपने सौर पॅनेलमध्ये मोजली आहे. 2012 मध्ये अमेरिकेने चिनी सौर सेलवर अँटी-डम्पिंग आणि अनुदानविरोधी अशी दोन्ही शुल्के लावली. त्याच सप्टेंबरमध्ये युरोपने सुमारे 21 अब्ज युरोंच्या आयातीची चौकशी सुरू केली, जी तोवरची सर्वांत मोठी होती. व्यापार आयुक्त कारेल द ग्युख्त यांनी जून 2013 मध्ये 11.8 टक्क्यांचे हंगामी शुल्क लावले, जे ऑगस्टमध्ये सरासरी 47.6 टक्क्यांवर जाणार होते. चीनने लगेच युरोपीय वाइनची चौकशी काढली, जर्मनी आधीपासून विरोधात होतीच, आणि जुलैच्या अखेरीस दर वॅटला 0.56 युरो या किमान किमतीवर तडजोड झाली. 2018 मध्ये तेही संपले. तक्रारदार जर्मन कंपनी सोलरवर्ल्ड 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली होती. अमेरिकेच्या शुल्कांमुळे तिथला उद्योग वाचला असेही नाही, कारण चिनी कंपन्यांनी मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड इथून माल पाठवायला सुरुवात केली. मोटारींच्या वेळी आयोगाने तक्रारीची वाट पाहिली नाही, याला हा इतिहास कारणीभूत आहे असे मी मानतो.

शुल्क लावले की माल वाट बदलतो, हे पुढे मोठ्या प्रमाणावर दिसले. अमेरिकेच्या एकूण आयातीतील चीनचा वाटा 2017 मध्ये 21 टक्क्यांहून अधिक होता, तो 2024 मध्ये सुमारे 13 टक्क्यांवर आला; चीनशी असलेली व्यापारतूट 2018 च्या 400 अब्ज डॉलरहून अधिकवरून 300 अब्जांच्या आत आली. पण व्हिएतनामशी असलेली तूट त्याच सुमारास 120 अब्जांच्या वर गेली आणि चीनची जगाशी असलेली शिल्लक 2024 मध्ये एक हजार अब्ज डॉलरच्या जवळ पोहोचली. युरोपची चीनशी तूट आता 300 अब्ज युरोंच्या वर आहे. अमेरिकेचे दार जितके अरुंद होते तितका माल युरोपकडे वळतो, त्यामुळे युरोपला स्वतःच्या इच्छेविरुद्धही अमेरिकेच्या मागे जावे लागते.

नियमांबद्दलची दोघांची श्रद्धाही वेगळी आहे, पण ते थोडक्यात सांगून पुरे. अमेरिकेने नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका अडवल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचे अपिलीय मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद आहे; युरोपने 2020 मध्ये पर्यायी लवाद व्यवस्था उभी केली आणि चीन त्यात सामील झाला. भांडण असले तरी ते न्यायासनापुढे व्हावे, ही युरोपची इच्छा आहे.

जिथे युरोपची पद्धत खरोखर तोकडी पडते ते क्षेत्र म्हणजे तंत्रज्ञान आणि कच्चा माल. 7 ऑक्टोबर 2022 रोजी अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याच्या यंत्रांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ती यंत्रे बनवणारी सर्वांत महत्त्वाची कंपनी एएसएमएल मात्र नेदरलँड्सची आहे आणि 2023 मध्ये डच सरकारला अमेरिकेच्या आग्रहाने आपलेही नियम कडक करावे लागले. त्यानंतरचे नेक्स्पेरिया प्रकरण अधिक वेदनादायक आहे. नेदरलँड्समधील नायमेखनची ही चिप बनवणारी कंपनी चीनच्या विंगटेकच्या मालकीची. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस अमेरिकेने काळ्या यादीतील कंपन्यांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मालकीच्या उपकंपन्याही यादीत धरल्या; दुसऱ्याच दिवशी डच सरकारने 1952 च्या एका कायद्याखाली नेक्स्पेरियाच्या कारभारावर अधिकार घेतला; चीनने तिच्या चीनमधून होणाऱ्या चिपनिर्यातीवर बंदी घातली आणि साध्या, स्वस्त चिपअभावी युरोपीय मोटार कारखान्यांना उत्पादन थांबण्याची भीती पडली. नोव्हेंबरमध्ये डच सरकारने आपला आदेश स्थगित केला.

अमेरिकाही या बाबतीत सुरक्षित नाही. एप्रिल 2025 च्या शुल्कयुद्धात चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लादले, आणि 145 टक्क्यांवरून खाली येण्यामागे हे एक मोठे कारण होते असे माझे मत आहे. त्याचा चटका पुण्यापर्यंत आला. बजाज ऑटोने त्या वर्षी चुंबकांअभावी इलेक्ट्रिक दुचाकींचे उत्पादन घटण्याचा इशारा दिला होता. यावरचे उपायही दोघांचे आपापल्या स्वभावाप्रमाणेच आहेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै 2025 मध्ये एमपी मटेरियल्स या खाणकंपनीत थेट भागभांडवल घेऊन किलोमागे 110 डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी बांधून दिली. युरोपने 2024 च्या कायद्यात लिहिले, की 2030 पर्यंत कोणत्याही मोक्याच्या कच्च्या मालाच्या गरजेपैकी 65 टक्क्यांहून अधिक पुरवठा एकाच बाहेरील देशातून नसावा. पहिल्या उपायामागे पैसा आहे, दुसऱ्यामागे उद्दिष्ट. इथे मला युरोपची काळजी वाटते.

भारतीय निर्यातदाराने यातून काय घ्यावे, हेही विचारले गेले आहे. अमेरिकेच्या बाबतीत, चीनसाठी घडवलेले हत्यार केव्हाही दुसऱ्यावर रोखले जाऊ शकते हे ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क गेले तेव्हा दिसले. त्यामुळे अमेरिकी खरेदीदाराशी करार करताना शुल्क बदलल्यास भार कोणी उचलायचा हे कलम करारात असलेच पाहिजे. युरोपच्या बाबतीत धोका कागदात असतो. चीनमधून तार किंवा सुटे भाग आणून इथे किरकोळ काम करून पाठवलेला माल चिनीच ठरवला जाऊ शकतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे इजिप्तच्या सुएझ क्षेत्रात चिनी कंपनीने बनवलेल्या काचतंतूच्या कापडावर 2020 मध्ये युरोपने शुल्क लावताना चीन सरकारने दिलेले पैसे इजिप्त सरकारचे अनुदान म्हणून मोजले, आणि अमेरिकेनेही 2024 मध्ये अशा सीमेपलीकडील अनुदानांची दखल घेण्यासाठी आपले नियम बदलले. चिनी भागीदारीत इथे कारखाना काढणाऱ्यांनी हा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. 1 जानेवारी 2026 पासून युरोपच्या कार्बन सीमा व्यवस्थेचा (म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावण्याच्या पद्धतीचा) अंतिम टप्पा सुरू झाला आहे आणि पोलादाचे नट-बोल्टही त्यात येतात. तेव्हा मालाबरोबर पोलाद कोणत्या भट्टीतून आले त्याचे गिरणी-प्रमाणपत्र आणि उत्सर्जनाचे पडताळलेले आकडे या दोन्ही गोष्टी पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच लेखी मागून ठेवाव्यात, कारण ऐनवेळी त्या गोळा करायला फार थोडा वेळ मिळतो.